दिवेलागणीची गणती

पावसाळ्यात संध्याकाळच्या बातम्यांत एक वाक्य ठरलेलं असतं: नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून जायकवाडीकडे इतके हजार क्युसेक विसर्ग. पाणी कुणाचं यावरून नाशिक-नगर आणि मराठवाड्याची जुंपली की हे नाव हमखास निघतं. दसरा उलटला की बातम्यांतून ते गायब होतं आणि आमच्या पक्षीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उगवतं. थापट्या बदकं आली का, भुवई बदकं किती, पाणी कितपत उतरलंय, रस्त्याला खड्डे आहेत का. (आहेतच.)

निफाडपासून दहा-बारा किलोमीटरवर गोदावरीला कादवा मिळते. तिथे इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडी बंधारा बांधला गेला. गोदावरीचा डावा आणि उजवा कालवा इथूनच निघतात आणि कोपरगाव-राहात्याकडची शेती भिजवतात. बांधणाऱ्यांना हवं होतं पाणी, पण नद्यांनी पाण्यासोबत गाळही आणला. शंभरेक वर्षांत बंधाऱ्यामागे गाळाची बेटं झाली, पाणकणसाची बनं माजली, पाणी पसरट आणि उथळ झालं. हिशेबाच्या वहीत हा साठा घटला. बदकांना मात्र जागा आत्ता कुठे राहण्याजोगी झाली, कारण ज्यांना बुडी मारायची नसते, नुसती मान खाली घालून चरायचं असतं, त्यांना हात-दीड हात पाणीच लागतं. १९८६ साली याचं अभयारण्य झालं. २०१९ साली ते रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. लोणार २०२० मध्ये आणि ठाण्याची खाडी २०२२ मध्ये, त्याच्या मागून. अडीचशेहून जास्त जातींचे पक्षी इथे नोंदले गेलेत. सलीम अलींनी याला, राजस्थानातल्या प्रसिद्ध पक्षी अभयारण्यावरून, महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं होतं, हे फाटकावरच्या माणसापासून चहावाल्यापर्यंत प्रत्येक जण तुम्हाला सांगतो.

इथे येणारे बहुतेक जण पहाटेचे गिऱ्हाईक. पाचला नाशिक सोडायचं, सूर्य वर यायच्या आत मनोऱ्यावर, दहापर्यंत मिसळ. मीही कायम तशीच गेले. पण दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे, आणि यंदा आमच्या ग्रुपने ठरवलं की सकाळच्या मोजणीबरोबर एका संध्याकाळी रातथाऱ्याचीही मोजणी करून बघू. म्हणजे दिवसभर रानोमाळ चरून मुक्कामाला येणारे पक्षी मोजायचे. संध्याकाळचा भाग कोण घेणार, यावर ग्रुपवर बराच वेळ शांतता होती. मी हात वर केला, कारण माझं आजोळ निफाडचं आणि जानेवारीच्या आधी एकदा सवय करून घेता येणार होती.

सवयीसाठी दसरा-दिवाळीच्या मधली संध्याकाळ निवडली ती मात्र मामांमुळे. ऑक्टोबर म्हणजे द्राक्षाची गोडी छाटणी, फळासाठीची. पहाटेपासून मजुरांची टोळी बागेत, मागून पेस्ट लावणारे, आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवायला मामा. सकाळी ते हलणं शक्य नाही आणि गाडी त्यांची. "चार वाजता टोळी सुटते. तेव्हा चल म्हणशील तर येतो," ते म्हणाले. मामांना पक्ष्यांचं वावडं नाही, कौतुकही नाही. मण्यांत पाणी भरलं की मैना आणि बुलबुल बागेत घुसतात, मग जाळी टाकावी लागते, आणि जाळीचा खर्च त्यांच्या तोंडपाठ आहे. पक्षी म्हटलं की आधी तो आकडा निघतो.

साडेचारच्या सुमाराला चापडगावच्या फाटकावर पोचलो. ऑक्टोबर हीट म्हणतात ती अशी, की झाडाखाली उभं राहिलं तरी अंगातून पाणी. तिकीट काढलं, स्पॉटिंग स्कोप (तिपायावरची एका डोळ्याने बघायची दुर्बीण) भाड्याने घेतला, एक गाईड घेतला. गाईड जवळच्याच गावातला, तिशीच्या आतबाहेरचा. मामांनी त्याला पहिला प्रश्न विचारला, "तू कुणाचा रे?" मनोऱ्याच्या पायथ्यापर्यंत जाईस्तोवर त्याचा चुलता आणि मामा एकाच सोसायटीचे सभासद निघाले आणि त्याच्या बागेत यंदा दावण्या (द्राक्षावरचा रोग) किती आला होता, तेही कळलं. मी मागून स्कोपचा तिपाया सांभाळत चालले होते.

मनोरा सूर्य पाठीशी राहील असा निवडा, एवढीच मागणी मी केली होती. गाईड हसला. "ताई, सकाळवाले बरोबर उलट्या बाजूचा मागतात." संध्याकाळी सूर्य समोर आला तर पाणी नुसतं चकाकतं, त्यावरचा प्रत्येक पक्षी काळा ठिपका होतो. पाठीशी असला की तेच पक्षी पिवळ्या उन्हात पिसं-पिसं दिसतात, शेवटचा तास तर फारच.

पण तो तास यायला वेळ होता. पाच वाजेपर्यंत स्कोपमधून काहीच धड दिसत नव्हतं. लांब बेटावर पाच-सहा करकोचे उभे होते, त्यांचे पाय पाण्यावरच्या झळांमध्ये लवलवत होते, अर्धे पुसले जात होते. चित्रबलाक असावेत एवढंच. स्कोप वीसपट ते साठपट मोठं दाखवतो आणि नवखा माणूस लगेच साठवर नेतो. झळा असताना साठवर झळाच मोठ्या दिसतात, आणि उजेड गेल्यावर साठवर अंधार. वीसवर ठेवला आणि संध्याकाळभर तिथून हलवला नाही.

दुर्बिणीचंही तसंच आहे. माझी आठ गुणिले बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग बेचाळीस मिलिमीटरचं. मामांनी कुठल्याशा सहलीत घेतलेली खिशात मावणारी, दहा गुणिले पंचवीस. भर दुपारी मामांची सरस वाटली, सव्वासहाला तिच्यातून त्यांना काही दिसेना. साधा भागाकार आहे. बेचाळीसला आठने भागलं की सव्वापाच, म्हणजे दुर्बिणीतून डोळ्याकडे सव्वापाच मिलिमीटरची उजेडाची तिरीप येते. पंचवीसला दहाने भागलं तर अडीच. दिवसा बाहुली बारीक असते म्हणून फरक कळत नाही, तिन्हीसांजेला ती उघडते आणि अडीचचा उजेड तिला पुरत नाही. संध्याकाळच्या कामासाठी दुर्बीण घ्यायची असेल तर दुकानदार किती पट दाखवते ते सांगेल, तुम्ही हा भागाकार करा.

पाचनंतर झळा बसल्या आणि बदकं दिसायला लागली. मामांनी पहिल्यांदा स्कोपला डोळा लावला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "सगळी एकसारखीच आहेत की गं. मातकट."

बरोबर होतं. पुस्तकात थापट्या नराचं डोकं हिरवंगार असतं, पोटाला तांबडा पट्टा असतो. तलवार बदकाच्या नराच्या गळ्यावरून पांढरी रेघ निघते. चक्रांगाच्या डोळ्यावर हिरवा पट्टा. ऑक्टोबरात यातलं फार थोडं असतं. ही बदकं उत्तरेला, मध्य आशियात आणि त्याच्याही वर अंडी घालतात. विणीचा हंगाम संपला की नरांची भडक पिसं गळतात आणि पाठोपाठ पंखांतली उडायची पिसंही सगळी एकदमच गळतात. काही आठवडे त्यांना उडताच येत नाही. अशा वेळी भडक रंग म्हणजे मरणच, म्हणून त्या दिवसांत नर मादीसारखा मातकट होतो. नवी उडायची पिसं आली की निघतात, हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात, पण अंगावर अजून तो मातकट वेषच असतो. बहुतेकांचा नवा पोशाख नोव्हेंबर-डिसेंबरात पुरा होतो. भुवई बदक सगळ्यात आधी, ऑगस्ट-सप्टेंबरातच येतं, आणि त्याच्या नराची पांढरी ठसठशीत भुवई यायला मात्र हिवाळा सरत येतो. दिवाळीत येऊन भुवई शोधणारे म्हणून खट्टू होतात.

मग ओळखायचं कसं? गाईडची पद्धत मला आवडली. त्याने रंगाचं नावच काढलं नाही. "काका, आधी चोच बघा. फावड्यासारखी आहे का?" होती. डोक्यापेक्षा लांब, टोकाला रुंद. तो थापट्या. पंधरा-वीस जण एकमेकांच्या मागे लागून एकाच जागी गोल गोल फिरत होते, चोची पाण्यात. फिरण्याने खालचं पाणी ढवळून वर येतं, त्यातले बारीक किडे आणि बिया चोचीच्या कडेच्या दातेरी जाळीतून गाळून घेतात. "आता मान बघा." लांब, सडसडीत मान, मागे शेपूट टोकदार: तलवार बदक. गोल डोकं, कपाळ एकदम उभं, चोच आखूड: तरंग. सगळ्यांत लहान चण: चक्रांग किंवा भुवई. त्या दोघांत चेहऱ्यावरच्या रेघा बघायच्या, भुवईच्या चेहऱ्यावर त्या ठळक असतात, आणि पंख उघडला की चक्रांगाचा हिरवा आरसा, पंखावरचा चकचकीत पट्टा, चमकतो. मडवाल... नाही, गडवाल. (मामांनी ते नाव शेवटपर्यंत मडवाल असंच लिहिलं.) त्याच्या पंखावर पांढरा चौकोन. हळदीकुंकू मात्र इथलंच, बारा महिने राहणारं, चोचीच्या टोकाला पिवळं, मुळाशी लाल, ते मामांनी नाव न सांगता ओळखलं. त्यांच्या शेततळ्यावर येतं.

मनोऱ्याच्या अगदी खाली, दहा-बारा पावलांवर, एक जांभळी पाणकोंबडी पाणकणसात जेवत होती. हा पक्षी इतका सर्रास दिसतो की पक्षीवाले त्याच्याकडे वळूनही बघत नाहीत. चोचीने तिने एक कोवळा देठ मुळाशी तोडला. मग तो चोचीत न ठेवता उजव्या पायाच्या लांब बोटांत धरला, मुठीत धरावा तसा उभा. वरची हिरवी साल एका बाजूने सोलली, झटकली, आतला पांढरा गाभा तुकड्या-तुकड्याने खाल्ला. उरलेला देठ टाकला. एका पायावर उभी राहून हे सगळं. पुढचा देठ. दर वेळी उजवाच पाय. तिच्या भोवती सोललेल्या सालींचा एक थर पाण्यावर तरंगत होता, म्हणजे दुपारपासून तिची बैठक तिथेच असावी. मामा म्हणाले, "ऊस खातीय." त्यानंतर बदकांपेक्षा जास्त वेळ ते तिच्याकडेच बघत होते.

साडेपाचच्या पुढे वारकरी (काळे पाणपक्षी) बिचकले. ते मघापर्यंत ऐसपैस पसरलेले होते, अचानक सगळे आत सरकून त्यांचा काळा गठ्ठा झाला. बदकं होती तिथेच होती. "भोवत्या," गाईड म्हणाला, आणि मग तो दिसला. पाणकणसाच्या शेंड्यांपासून हात-दोन हात वर, पंख जरासे वर उचलून धरलेले, न हलवता, डावी-उजवीकडे कलत चाललेला दलदली भोवत्या, शिकारी पक्षी. मादी होती, डोक्यावर फिकट पिवळसर टोपी. मध्येच पाय खाली सोडून थबकली, खाली पाहिलं, पुढे निघाली. भोवत्यांची निजायची तऱ्हा वेगळी. झाडावर बसत नाहीत, गवतात किंवा पाणकणसात जमिनीलगत उतरतात, तेही बऱ्याचदा एकमेकांच्या आसपास. म्हणून रातथारा मोजणाऱ्याने त्यांच्यावर शेवटपर्यंत डोळा ठेवायचा असतो. घिरट्या घालणारी एकच भोवत्या चार वेळा मोजली जाऊ शकते, उतरलेली एकदाच मोजली जाते. आम्ही उतरलेल्याच मोजल्या.

मोजणीची रीत गाईडला नीट ठाऊक होती, मी वाचून आले होते, मामा कोरे होते. लांबवर एक उंच बाभूळ आणि तिच्या उजवीकडे विजेचा खांब, या दोहोंमधली एक रेघ मनात धरायची. ती रेघ ओलांडून आत येणारेच मोजायचे, बाहेर जाणारे वजा. दहा-दहा मिनिटांचे कप्पे करायचे. एकाने बघायचं आणि बोलायचं, दुसऱ्याने मान खाली घालून लिहायचं. लिहिणाऱ्याने वर बघायचं नाही, हे सगळ्यांत अवघड. मामांकडे छाटणीच्या हजेरीची वही होती, तिच्या मागच्या पानांवर त्यांनी लिहायला घेतलं.

आधी गायबगळे आले. पाच, नऊ, सात, चौदा असे लहान लहान घोळके, शेतांवरून, संथ पंख मारत. हे सोपं. मग मोर शराटी. ते लांबलचक वाकडी रेघ करून येतात, रेघेच्या दोन बाजू मागे-पुढे होतात, मध्येच एक तुकडा सुटून खाली जातो, आणि एकेक मोजायला घेतलं तर अर्ध्यावर पोचेपर्यंत रेघ बाभळीमागे गेलेली. इथे दहाचा हिशेब लागतो. पहिले दहा नीट मोजायचे, ते दहा आकाशात किती जागा घेतात ते डोळ्यात ठेवायचं आणि तेवढी जागा पुढे सरकवत न्यायची. दहा, वीस, तीस. मोठा थवा असेल तर पन्नासाचा तुकडा. बहुतेक माणसं मोठ्या थव्याला कमीच मोजतात, जास्त क्वचित.

मी म्हटलं सत्तर. गाईड म्हणाला नव्वद. मामांनी वहीतून डोकं वर काढलं (नियम मोडून) आणि म्हणाले, "पंच्याऐंशी." फोटो काढला होता, तो मोठा करून ठिपके मोजले. सत्त्याऐंशी. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. व्यापारी बागेत येतो तेव्हा माल किती निघेल ते दोघांनाही उभ्या-उभ्या सांगावं लागतं. एका ओळीतली चार झाडं घ्यायची, त्यांचे घड मोजायचे, बागेवर पसरवायचे, फुटीचा आणि मोकळ्या जागांचा अंदाज धरायचा. "चुकलं तर पैशात चुकतं," ते म्हणाले. "तुझे पक्षी चुकले तर कुणाचं काय जातं?" आम्ही कामं बदलली. ते बघायला आणि मी लिहायला. पुढचा अर्धा तास मी मान खाली घालून त्यांचे आकडे उतरवत होते, आणि ते गाईडला विचारत होते, "हे कोण? काळे, लांब मानेचे?" पाणकावळे. "ठीक आहे. चाळीस पाणकावळे. लिही."

उजेड जायला लागला की कुणाला आधी मोजायचं याचाही क्रम लागतो, आणि तो गाईडने सांगितला नसता तर मला सुचला नसता. काळे पक्षी आधी. पाणकावळे, शराटी, वारकरी हे झाडीच्या पुढे आले की सहा वाजताच दिसेनासे होतात, आकाशावर असतील तेवढेच मोजता येतात. पांढरे बगळे, दर्विदा, पांढरे शराटी हे अंधार पडला तरी बराच वेळ दिसत राहतात, त्यांना शेवटी घेतलं तरी चालतं. पाणकणसात माळभिंगऱ्या आणि पिवळे धोबी मुक्कामाला उतरत होते, त्यांची मोजणी आम्ही सोडून दिली. वहीत नुसतं "पुष्कळ" लिहिलं आहे. पाणकणसाच्या एका बनावर भिंगऱ्यांचा धुरळा उठला, फिरला आणि एका क्षणात आत ओतला गेला. असल्या गोष्टीला आकडा लावायला जानेवारीत दोन माणसं जास्त लागतील, असं मी शेजारी लिहून ठेवलंय.

सूर्य सहाच्या आसपास गेला. फाटक बंद व्हायची वेळ, त्यामुळे खाली उतरलो. मला हळहळ वाटत होती, कारण बदकं अजून पाण्यावरच होती आणि मी आले होते ती मुख्यतः त्यांचं निघणं बघायला. थंडीत आलेली ही बदकं दिवसा पाण्यावर बरीचशी झोपा काढतात. आपण सकाळी मनोऱ्यावरून "किती निवांत आहेत" म्हणतो ते रात्रभर चरून आलेले जीव असतात. अंधार पडला की ती भिजल्या शेतांकडे, तळ्यांकडे, कालव्याच्या पाझराकडे निघतात आणि पहाटे परततात. गाईड म्हणाला, "ताई, ती काही फाटकातून जात नाहीत. बाहेर रस्त्यावर थांबू."

अभयारण्याच्या हद्दीबाहेर कच्च्या रस्त्यावर, एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला नुकत्याच छाटलेल्या बागेचे बोडके वेल, अशा ठिकाणी गाडी लावली. गाडीपासून लांब जायचं नाही ही मामांची अट. निफाड तालुक्यात गोदाकाठच्या उसात बिबटे आहेत ही सांगायची गोष्ट राहिलेली नाही, दर महिन्याला कुठेतरी पिंजरा लागतो. रामसरच्या नोंदीतसुद्धा इथल्या प्राण्यांत बिबट्याचं नाव आहे, हे मी मामांना सांगितलं. "त्यांना पत्र लिही," मामा म्हणाले, "म्हणावं घेऊन जा." दाराला हात ठेवूनच ते उभे होते.

पहिल्यांदा रातबगळे निघाले. दिवसभर बाभळीत दडून बसलेले, एकेकटे, डोक्यावरून जाताना "क्वॉक्" असा एकच आवाज टाकून. मग काही नाही. कुठेतरी मोटार सुरू झाली. पश्चिमेला तांबडं होतं ते जांभळं झालं. गाईडने हात वर केला, आणि मला आधी दिसलं नाही, ऐकू आलं: कापड फाडावं असा पंखांचा आवाज, अगदी डोक्यावरून. चक्रांग. लहान घट्ट घोळका, वळसे घेत, इतक्या वेगात की दुर्बीण डोळ्याला लावेपर्यंत उसापलीकडे. त्यांच्या मागून थापट्या, जड, सरळ रेषेत. तरंगांची शीळ खाली उतरत जाणारी. इथे रंग नव्हतेच, चोचीही नव्हत्या. थवा किती घट्ट, वळतो की सरळ जातो, पंख किती भरभर मारतो, आवाज कसला, एवढ्यावर गाईड नावं सांगत होता आणि मी जमेल तेवढी लिहीत होते. आकाशाच्या उजळ पट्ट्यातून जातील तेवढीच मोजायची असं आम्ही ठरवलं. बाकीची ऐकायची.

मग एक वेगळी शीळ आली. दोन तुकड्यांची, थोडी दम लागल्यासारखी, सी-सिक्, सी-सिक्, एकाची दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. खूप जण होते आणि एकही दिसत नव्हता.

"अडई," गाईड म्हणाला. "ही इथलीच. हिची रात्रच असते."

मामा दार सोडून दोन पावलं पुढे आले. "थांब. पुन्हा ऐकू दे." पुन्हा आली. "हे तर माझ्या रानावरून जातं. रात्रीच्या लाईटीला पाण्याची दारं धरायला गेलं की, एक-दीडला. आधी त्या बाजूने, मग पहाटे परत." त्यांनी हाताने दिशा दाखवली, पाण्याकडून मळ्याकडे आणि उलट. "लहानपणापासून ऐकतोय. गडी म्हणायचे कुणीतरी शीळ घालतंय, मागे बघायचं नाही. आबापण बघू द्यायचे नाहीत." मग गाईडला, जरा संशयाने: "बदक आहे? नक्की?"

गाईडने मोबाइलवर फोटो दाखवला. तपकिरी अंग, लांब पाय, डोळ्याभोवती बारीक पिवळसर कडी. मामांनी मोबाइल हातात घेऊन दोन बोटांनी फोटो मोठा केला, परत लहान केला. मग आकाशाकडे बघून आणखी एक थवा जाईपर्यंत थांबले. फोटो आणि आवाज यांची सांगड घालत असावेत. मला त्यांना काही विचारायचं नव्हतं.

सातच्या आत परत निघालो. गाईडला गावात सोडलं, मामांनी त्याला बागेत फवारणी कधी घेतोस ते विचारलं. निफाडच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबलो आणि मी ई-बर्डवर, पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या ऑनलाइन ठिकाणी, याद्या भरायला घेतल्या. आतली वेगळी, बाहेरच्या रस्त्यावरची वेगळी, कारण जागा आणि वेळ बदलली की यादी बदलते. सुरू केल्याची वेळ, किती मिनिटं, किती माणसं. मोर शराटी, सत्त्याऐंशी अधिक नंतरचे. गायबगळे. दलदली भोवत्या, उतरलेल्या तीन. अडईपाशी अडले. न बघता, नुसतं ऐकून, किती लिहायच्या? अशा वेळी आकड्याऐवजी नुसती फुली टाकता येते, म्हणजे होत्या, किती ते माहीत नाही. मामांना ते पटेना. "फुली काय? निदान शंभर होत्या. तीन थवे होते, तिसरा मोठा होता." मी म्हटलं, दिसल्या नाहीत. "आवाजावरून घडसुद्धा मोजता येत नाहीत, हे खरं आहे," असं म्हणून त्यांनी चहा संपवला, आणि मी फुली टाकली.

गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "यात मळ्यावरची नोंद चालते का? की अभयारण्यच लागतं?"

कुठलीही चालते, म्हटलं. आपण उभे आहोत ती जागा नकाशावर दाखवायची, वेळ लिहायची.

"मग सोमवारपासून आमच्या फिडरला रात्रीची लाईट आहे. ये. पण स्वेटर आण, आणि ती माझी बारकी दुर्बीण घरी राहू दे, तिचा काही उपयोग नाही. तुझ्यासारखी कितीला येते?"